दहा पौंड पोलाद

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीच्या काठाकाठाने गेलं की हाइड पार्क नावाचं गाव लागतं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा जन्म इथल्या वडिलांच्या घरात झाला आणि त्याच घराच्या बागेत त्यांना पुरलं आहे. घर बघायला येणारी मंडळी पुस्तकांची खोली बघतात, नदीकडचं हिरवंगार उताराचं रान बघतात. मी मात्र तिथल्या लिफ्टपाशी खिळून राहिले. ही लिफ्ट माणसांसाठी केलेली नव्हतीच. ट्रंका आणि जड सामान वरच्या मजल्यावर चढवायची ती सोय होती. आत चाकाची एक लहान खुर्ची जेमतेम मावेल एवढीच जागा. ती विजेवर चालत नाही. आत बसलेल्या माणसाने दोर धरायचा आणि हाताच्या जोरावर स्वतःला वर ओढून न्यायचं. अमेरिकेचे बत्तिसावे अध्यक्ष झोपायला जाताना असा दोर ओढत वर जायचे.

विजेची मोटर बसवणं त्यांना काही जड नव्हतं. पण घराला आग लागली आणि वीज गेली तर आपण मध्येच अडकू, ही त्यांची धास्ती. रूझवेल्टांना आगीची फार भीती वाटे. पाय चालत नाहीत, आणि पेटलेल्या घरातून बाहेर तर पडायला हवं. म्हणून जमिनीवर उतरून कोपरांवर सरपटत दारापर्यंत जाण्याचा सराव त्यांनी करून ठेवला होता.

रूझवेल्टांचं आपल्याला माहीत असलेलं वाक्यही भीतीचंच आहे. ४ मार्च १९३३ ला शपथ घेतल्यावर त्यांनी देशाला सांगितलं, की आपण भ्यायचंच असेल तर फक्त भीतीला भ्यायला हवं. हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या फळ्यांवर सुविचार म्हणून लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि सुविचार म्हणून ते मला कधीच पटलं नव्हतं. आगीच्या भीतीने सरपटण्याचा सराव करणारा माणूस ते बोलतो आहे हे कळल्यावर मात्र त्याचं वजन बदललं. तेव्हापासून या माणसाची सगळी कारकीर्द मी भीतीच्या बाजूने वाचत आले आहे: त्यांनी कोणाची भीती घालवली, कोणाच्या भीतीपुढे मान तुकवली, आणि स्वतःची कुठे लपवली.

लहानपणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जन्म ३० जानेवारी १८८२ चा. गडगंज घराणं, आईचा एकुलता एक, ग्रोटनची शाळा, मग हार्वर्ड. दूरचे भाऊबंद थिओडोर रूझवेल्ट आधीच अध्यक्ष झालेले. त्यांचीच पुतणी एलिनॉर हिच्याशी १९०५ मध्ये लग्न झालं तेव्हा कन्यादान थिओडोर यांनीच केलं. पुढे न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये निवड, पहिल्या महायुद्धात नौदल खात्यात उपमंत्र्याच्या तोडीचं पद, १९२० मध्ये उपाध्यक्षपदाची उमेदवारी आणि पराभव. देखणा, उंचापुरा, हसरा तरुण. त्याला अजून कशाचीच झळ लागलेली नव्हती.

ती लागली ऑगस्ट १९२१ मध्ये, कॅनडाच्या हद्दीतल्या कँपोबेलो बेटावर. रूझवेल्ट तेव्हा ३९ वर्षांचे होते. दिवसभर मुलांना घेऊन होडीतून हिंडले, वाटेत एका बेटावरच्या झाडीला लागलेली आग सगळ्यांनी मिळून विझवली, मग पोहणं झालं, आणि घरी येऊन ओल्या कपड्यांतच ते टपाल वाचत बसले. हुडहुडी भरली म्हणून लवकर अंथरुणावर पडले. दुसऱ्या दिवशी उठताना डावा पाय लटपटला. दोन-तीन दिवसांत दोन्ही पायांतला जोर गेला. आधीच्या डॉक्टरांना निदान नीट जमलं नाही. त्यांनी मालीश करायला सांगितलं, आणि एलिनॉर व मित्र लुई हाउ हे दोघं दिवसरात्र त्या दुखऱ्या पायांना मालीश करत राहिले. बॉस्टनचे डॉ. लव्हेट येऊन पोलिओ म्हणाले तोवर दोन आठवडे उलटले होते.

लपवाछपवी तिथूनच सुरू झाली. बेटावरून त्यांना स्ट्रेचरवरून हलवलं, होडीतून किनाऱ्याला आणलं आणि आगगाडीच्या खिडकीतून आत घेतलं. हाउने बातमीदारांना भलत्याच धक्क्याकडे पाठवून दिलं होतं. ते धावत स्टेशनवर पोचले तेव्हा रूझवेल्ट उशांना टेकून, तोंडात सिगारेटची नळी धरून खिडकीशी हसत बसलेले.

आईचं म्हणणं, आता हाइड पार्कला येऊन निवांत राहावं, झाडं लावावीत, तिकिटं जमवावीत. एलिनॉर आणि हाउ यांनी ते चालू दिलं नाही. पुढची सात वर्षं रूझवेल्टांनी पायांत जीव आणण्यासाठी खर्ची घातली. घराच्या फाटकापर्यंतचा रस्ता कुबड्यांवर पार करायचा हा रोजचा पण. १९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्जला गेले. तिथल्या झऱ्याचं पाणी उपजतच कोमट, साधारण ३१ अंशांचं. त्या पाण्यात उभं राहता येतं हे कळल्यावर त्यांनी दोन वर्षांनी ती मोडकळीला आलेली जागाच विकत घेतली. स्वतःच्या संपत्तीचा मोठा भाग त्यात ओतला आणि पोलिओ झालेल्यांसाठी उपचारकेंद्र उभं केलं. तिथे ते कोणापासून काही लपवत नसत. बारीक झालेले पाय उघडे टाकून मुलांबरोबर पाण्यात खेळायचे, त्यांना व्यायाम शिकवायचे. लोक त्यांना ‘डॉक्टर रूझवेल्ट’ म्हणायचे. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या पाण्यात उतरायची मुभा फक्त गोऱ्यांना होती. काळ्या रुग्णांसाठी अलाबामा राज्यातल्या टस्कीगीला वेगळं केंद्र निघालं ते १९४१ मध्ये.

माझ्या मधल्या मामाला लहानपणी पोलिओ झाला होता. कमरेपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली बुटाला जोडलेला सांगाडा. आमच्या घरात त्याला कॅलिपर म्हणत. गुडघ्याशी कडी होती. उभं राहताना ती खट् करून बसवायची म्हणजे पाय ताठ होतो, बसताना पुन्हा सोडायची. दारावरची बेल वाजायच्या आधी तो खट्-खट् आवाज यायचा आणि मामा आला हे कळायचं. ओल्या फरशीला तो जपायचा. मी एकदा विचारलं, मामा, पडायची भीती वाटते का रे? तो म्हणाला, “पडायची नाही गं. पडलो की चार माणसं उचलायला धावतात ना, त्यांची वाटते.”

रूझवेल्टांचे कॅलिपर पोलादाचे होते. बुटांवर आणि काळ्या पँटवर दिसू नयेत म्हणून त्यांना काळा रंग दिलेला. १९२४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ यांचं नाव सुचवायला त्यांना उभं राहायचं होतं. भाषणाची तयारी सोपी होती, व्यासपीठावर पोचणं कठीण. घरच्या खोलीत ते अंतर मोजून त्यांनी पुन्हा पुन्हा सराव केला. त्या दिवशी सोळा वर्षांचा मुलगा जेम्स सोबत होता आणि बापाची बोटं त्याच्या दंडात रुतत होती. शेवटची काही पावलं दोन कुबड्यांवर एकट्याने टाकली, घामाने डबडबून टेबलाची कड धरली, मान मागे टाकली आणि हसले. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. चार वर्षांनी ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले. विरोधक प्रकृतीबद्दल कुजबुजू लागले तेव्हा अल स्मिथ म्हणाले, गव्हर्नर काही कोलांट्याउड्या मारण्यासाठी निवडत नाहीत.

१९३२ ची निवडणूक ते जिंकले तेव्हा अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे एक जण बेकार होता. शपथविधीच्या आधी, १५ फेब्रुवारी १९३३ ला मायामीत उघड्या मोटारीत बसलेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांना एकही लागली नाही, शिकागोचे महापौर सेरमॅक यांना लागली. पहारेकरी मोटार भरधाव काढायला बघत होते. रूझवेल्टांनी ती थांबवली, सेरमॅकना आपल्या शेजारी घेतलं आणि इस्पितळापर्यंत एका हाताने धरून ठेवून त्यांच्याशी बोलत राहिले. सेरमॅक वाचले नाहीत. पण जवळच्यांनी लिहून ठेवलंय, की त्या रात्री रूझवेल्टांचा हात जराही थरथरला नाही.

मग बँका. शपथेच्या दिवशी देशातल्या बहुतेक राज्यांनी बँका बंद केल्या होत्या, नाहीतर पैसे काढण्यावर मर्यादा घातली होती. लोक पहाटेपासून दारात उभे. रूझवेल्टांनी देशभरच्या बँका काही दिवसांसाठी बंद ठेवल्या, घाईने कायदा करून घेतला आणि १२ मार्चच्या रविवारी रात्री रेडिओवर बोलायला बसले. सुमारे ६ कोटी लोकांनी ते ऐकलं असा अंदाज आहे. त्या भाषणात धीर धरा, विश्वास ठेवा एवढंच नव्हतं. बँक म्हणजे काय, तुम्ही ठेवलेला पैसा ती तिजोरीत ठेवत नाही, तो कर्जाने फिरवते, सगळे एकदम मागायला आले तर कोणतीही बँक पुरी पडणार नाही, हे त्यांनी घरी बसून शेजाऱ्याला सांगावं तसं सांगितलं. उघडलेल्या बँकेतला पैसा गादीखाली ठेवलेल्या पैशापेक्षा सुरक्षित आहे, असं शेवटी म्हणाले. दुसऱ्या दिवशी बँका उघडल्या आणि लोक पैसे काढायला नव्हे, भरायला रांगेत उभे राहिले. माझ्या मते त्यांच्या अध्यक्षपणातला सर्वांत उजळ दिवस हाच. भ्यालेल्या माणसाला दटावून त्याची भीती जात नाही, त्याला यंत्र कसं चालतं ते दाखवावं लागतं, हे त्यांना स्वतःच्या अंगाने ठाऊक होतं. कडी कुठे बसते, वजन कुठे टाकायचं, हात कुठे धरायचा, हे कळलं तरच उभं राहता येतं.

पुढचे सगळे कायदे, योजना, न्यायालयाशी झालेलं भांडण यांची यादी मी देत नाही. १९३५ चा सामाजिक सुरक्षेचा कायदा आणि तो घडवणाऱ्या मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री, एवढं तरी लक्षात ठेवावं. म्हातारपणी हातात काही नसण्याची भीती त्या कायद्याने कितीतरी घरांतून गेली.

२७ जून १९३६ ची संध्याकाळ. फिलाडेल्फियाच्या मैदानात लाखभर माणसं. दुसऱ्यांदा मिळालेली उमेदवारी स्वीकारायला रूझवेल्ट मुलाच्या हाताच्या आधाराने पुढे सरकत होते. वाटेत म्हातारे कवी एडविन मार्कहम दिसले. हात मिळवायला रूझवेल्ट वळले, तोल गेला, गुडघ्याची कडी सुटली आणि ते खाली आले. भाषणाचे कागद पायदळी विखुरले. रखवालदारांनी घेर धरला, कडी पुन्हा बसवली. पांढरेफटक पडलेले रूझवेल्ट एवढंच म्हणाले, “मला साफ करा.” धूळ झटकली गेली, कागद गोळा झाले. निघताना त्यांना मार्कहम पुन्हा दिसले. कवीच्या डोळ्यांत पाणी होतं. रूझवेल्ट थांबले आणि आधी राहून गेलेला हात त्यांनी मिळवला. मग व्यासपीठावर जाऊन, कागदांची पानं जुळवत, या पिढीला नियतीशी भेट ठरलेली आहे असं सांगणारं ते भाषण केलं. पडल्याची बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली नाही. त्यांना पोलिओ झाला होता हे देशाला माहीत होतं. ते चालू शकत नाहीत, हे बहुतेकांना माहीत नव्हतं. खुर्चीतले फोटो कोणी काढू नयेत यावर पहारेकऱ्यांचा कटाक्ष असे आणि बातमीदारही तो संकेत पाळत. मामाने हे वाचलं असतं तर त्याला सगळ्यात आधी मार्कहमचा हात आवडला असता असं मला वाटतं.

युरोपात युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेला त्यात पडायचं नव्हतं. पहिल्या महायुद्धातलं दुःख ताजं होतं. १९४० च्या शेवटी इंग्लंडकडे शस्त्रं घ्यायला पैसे उरले नाहीत. १७ डिसेंबरला रूझवेल्टांनी वार्ताहरांना साधा दाखला दिला. शेजाऱ्याच्या घराला आग लागली आहे आणि माझ्याकडे बागेला पाणी घालायची नळी आहे. मी त्याला असं नाही म्हणत, की नळीचे १५ डॉलर आधी ठेव. आग विझल्यावर मला माझी नळी परत हवी, एवढंच. हा दाखला त्यांना कुठून सुचला असेल याचं मला नवल वाटत नाही. मार्च १९४१ मध्ये कायदा झाला आणि शस्त्रांची जहाजं निघाली.

७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. २,४०३ अमेरिकन माणसं गेली. दुसऱ्या दिवशी संसदेत उभं राहून रूझवेल्टांनी युद्ध पुकारायला सांगितलं. भाषण सहा-सात मिनिटांचं. पुढच्या तीन वर्षांतल्या मोहिमा, परिषदा, नॉर्मंडीचं उतरणं यांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. मला थांबायचं आहे ते फेब्रुवारी १९४२ मधल्या दोन तारखांपाशी.

२३ फेब्रुवारीला ते रेडिओवर बोलणार होते. बातम्या सगळ्या वाईट. सिंगापूर पडलेलं. त्यांनी लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं, की जगाचा नकाशा घेऊन बसा. दुकानांतले नकाशे संपले. त्या रात्री घराघरांत माणसं टेबलावर नकाशा पसरून बसली आणि राष्ट्राध्यक्ष त्यांना बोट धरून दाखवत गेले: हा पॅसिफिक, एवढं अंतर, इथून माल जातो, इथे रस्ता तुटला तर हे होईल. नेमकं त्याच वेळी एका जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर काही गोळे टाकले. नुकसान किरकोळ झालं. नकाशा समोर असलेल्या माणसाला ते किरकोळ आहे हे समजत होतं. १९३३ च्या बँकांची हीच रीत.

आणि त्याच्या चारच दिवस आधी, १९ फेब्रुवारीला, त्यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना त्या आदेशाखाली घराबाहेर काढून छावण्यांत नेलं. त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक, तिथेच जन्मलेले. हातात उचलता येईल तेवढंच सामान घ्यायचं. दुकानं, शेतं, मासेमारीच्या होड्या मिळेल त्या भावाने विकायच्या. लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिताच्या रेसकोर्सवर कित्येक कुटुंबं आधी घोड्यांच्या तबेल्यांत राहिली. मग वाळवंटातल्या, दलदलीच्या कडेच्या दहा छावण्या: मॅन्झानार, टूली लेक, हार्ट माउंटन. काटेरी तारा, मनोऱ्यांवर बंदूकधारी. कायदामंत्री बिडल यांचा विरोध होता. एलिनॉर यांना हे पटलेलं नव्हतं. गुप्तहेरखात्याच्या प्रमुखालाही एवढं करायची गरज दिसत नव्हती. खुद्द हवाईत, जिथे हल्ला झाला आणि जिथे तीनातला एक माणूस जपानी वंशाचा होता, तिथे अशी सरसकट धरपकड झाली नाही. रूझवेल्टांनी लष्कराला एवढंच सांगितलं, की जमेल तेवढं समजूतदारपणे करा.

हे मला आजही गिळता येत नाही. युद्धाचे दिवस होते, दडपण होतं, कॅलिफोर्नियातले पुढारी आणि वर्तमानपत्रं ओरडत होती, हे सगळं मान्य. पण भीती कशी असते आणि ती माणसाकडून काय करवते हे ज्याला रोज रात्री दोर ओढताना कळत होतं, त्याने त्या किनाऱ्यावरच्या लोकांनाही रेडिओवर बसवून सांगायला हवं होतं, की तुमचा भाजीवाला शेजारी तुमचा शत्रू नाही. त्यांच्याइतकं ते कोणाला जमलं नसतं. त्यांनी तो प्रयत्न केलाच नाही. १९८३ मध्ये संसदेच्या चौकशी आयोगाने कारणं दिली ती अशी: वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. त्या किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या एकाही माणसाने हेरगिरी किंवा घातपात केल्याचा पुरावा आयोगाला सापडला नाही. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. अनेकांचे आईबाप तोवर गेले होते.

दुसरं गप्प बसणं आपल्याशी संबंधित आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ जहाजावर रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. आपलं सरकार कसं असावं हे ठरवायचा हक्क सगळ्या लोकांना आहे, असं तिच्यात होतं. महिन्याभरात चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये स्पष्ट केलं, की हे नाझींनी बळकावलेल्या युरोपसाठी आहे, हिंदुस्थानसाठी नव्हे. रूझवेल्टांना ते मान्य नव्हतं. १९४२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश मंत्री क्रिप्स यांच्या वाटाघाटी चालू असताना रूझवेल्टांचे खास प्रतिनिधी लुई जॉन्सन दिल्लीत होते. बोलणी मोडू देऊ नका म्हणून रूझवेल्टांनी चर्चिल यांना तारही केली. चर्चिल इतके भडकले, की राजीनाम्याची भाषा करू लागले. मग रूझवेल्ट मागे सरले.

१ जुलै १९४२ ला सेवाग्रामहून, वर्ध्याच्या पत्त्यावरून, गांधीजींनी रूझवेल्टांना पत्र लिहिलं. थोरो आणि इमर्सन या अमेरिकन लेखकांचं ऋण त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मग लिहिलं, की जोवर हिंदुस्थान आणि आफ्रिका यांची पिळवणूक चालू आहे आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात काळ्या माणसांचा प्रश्न आहे, तोवर लोकशाहीसाठी लढतो हे म्हणणं पोकळ वाटतं. हे पत्र अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांच्या हाती गेलं. उत्तरावर तारीख १ ऑगस्टची आहे. समान शत्रूशी आपण मिळून लढू अशी आशा त्यात होती, बाकी काही नव्हतं. आठवड्याभरात मुंबईच्या गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये आणून कोंडलं.

मी पुण्यात राहते. नगर रस्त्याने जाताना ती वास्तू उजेडात, झाडांमागे दिसते. महादेवभाई तिथेच गेले, कस्तुरबाही तिथेच गेल्या. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी तिथे २१ दिवसांचा उपास केला तेव्हा रूझवेल्टांचे नवे प्रतिनिधी विल्यम फिलिप्स दिल्लीत होते. गांधीजींना भेटू द्या म्हणून त्यांनी व्हाइसरॉयकडे मागणी केली, ती नाकारली गेली. देश सोडताना फिलिप्स यांनी वार्ताहरांना ते उघड सांगितलं, आणि मे महिन्यात रूझवेल्टांना लिहून कळवलं, की इंग्रजांच्या या धोरणाने आपलंही नुकसान आहे. ते पत्र पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात फुटलं आणि लंडनमध्ये आरडाओरडा झाला. रूझवेल्ट जाहीरपणे काही बोलले नाहीत. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ च्या एप्रिलअखेरीस खुद्द चर्चिल यांनी ऑस्ट्रेलियाचा गहू हिंदुस्थानात आणायला अमेरिकेची जहाजं मागितली. लष्करी कामातून जहाजं काढता येत नाहीत, असं उत्तर गेलं. दोस्ती तुटेल, युद्ध हरू, ही भीती खोटी नव्हती. नॉर्मंडीची चढाई अगदी तोंडावर होती. तरीही आगाखान पॅलेसवरून जाताना मला त्या न झालेल्या भेटीची आठवण येते. गांधीजींच्या खाटेशी बसलेला रूझवेल्टांचा माणूस. ती भेट व्हावी म्हणून वॉशिंग्टनहून एक ठाम शब्द यायला हवा होता, तो आला नाही.

खुद्द रूझवेल्टांची एक वेगळी भेट मात्र झाली. १९४४ च्या जुलैमध्ये रूझवेल्ट सेनापतींशी बोलायला हवाईला गेले. तिथल्या इस्पितळात हातपाय गमावलेली तरुण पोरं होती. रूझवेल्टांनी सांगितलं, मला त्या वॉर्डातून खुर्चीवर बसवून न्या, सावकाश न्या, प्रत्येक खाटेजवळून न्या. जगापासून तेवीस वर्षं झाकलेले पाय त्यांनी त्या मुलांना दाखवले. बरोबर असलेले, त्यांची भाषणं लिहायला मदत करणारे रोझेनमन लिहितात, की बाहेर आल्यावर रूझवेल्टांना अश्रू आवरणं कठीण गेलं.

तोवर प्रकृती ढासळली होती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये हृदयतज्ज्ञ डॉ. ब्रुएन यांनी तपासलं तेव्हा रक्तदाब १८६ वर १०८ निघाला. तरीही नोव्हेंबरमध्ये चौथी निवडणूक ते लढले आणि जिंकले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला गेले. चर्चिल, रूझवेल्ट, स्टॅलिन असे तिघं खुर्च्यांवर बसलेला तो फोटो तिथलाच. परत आल्यावर १ मार्चला संसदेपुढे ते बसून बोलले. सुरुवातीला म्हणाले, बसून बोलतोय याबद्दल माफ करा, पायांभोवती दहा पौंड पोलाद वागवावं लागत नाही, त्यामुळे मला बरंच सोपं जातं, शिवाय चौदा हजार मैलांचा प्रवास करून आलोय. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. अध्यक्ष झाल्यापासून बारा वर्षांत हे त्यांनी संसदेत कधी काढलं नव्हतं. काढलं ते एका वाक्यात, ओझं खाली ठेवताना माणूस बोलतो तितक्याच सहज.

सहा आठवड्यांनी, १२ एप्रिलला, ते वॉर्म स्प्रिंग्जलाच वारले. चित्रकार शुमातॉफ त्यांचं चित्र काढत होत्या. डोक्यात मागच्या बाजूला भयंकर दुखतंय असं म्हणाले आणि कोसळले. वय ६३. जर्मनी शरण यायला महिनाही उरला नव्हता.

पोलिओसाठी त्यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या संस्थेला लोक दहा-दहा सेंटची नाणी थेट व्हाइट हाउसच्या पत्त्यावर पाठवत. १९४६ पासून त्या नाण्यावर त्यांचाच चेहरा आहे. त्याच पैशातून झालेल्या संशोधनातून डॉ. साल्क यांची लस आली, आणि ती उपयोगी ठरल्याचं जाहीर झालं १२ एप्रिल १९५५ ला, बरोबर दहाव्या स्मृतिदिनी. आपल्याकडे दर पल्स पोलिओच्या रविवारी बोटाला शाई लावून घेणारी मुलं बघितली, की मला मामाची कडी आठवते. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्या मुलीच्या वर्गात कॅलिपर घातलेलं एकही मूल नव्हतं.

वॉशिंग्टनमध्ये त्यांचं मोठं स्मारक १९९७ मध्ये उघडलं. तिथे ते बसलेले आहेत, पण अंगावरच्या झग्याने खुर्ची झाकलेली. अपंगांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. रूझवेल्टांनी स्वतःच जे आयुष्यभर झाकलं ते आपण का उघडं करायचं, असा दुसऱ्या बाजूचा सवाल होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पण हवाईच्या वॉर्डानंतर माझ्या मनात शंका उरलेली नाही. संघटनांनी साडेसोळा लाख डॉलर जमवले आणि जानेवारी २००१ मध्ये प्रवेशाशीच चाकाच्या खुर्चीतल्या रूझवेल्टांचा पुतळा बसला. तो उंच चौथऱ्यावर नाही, जमिनीला लागून आहे. खुर्चीवरून आलेलं मूल त्याच्या गुडघ्याला हात लावू शकतं.

त्याच स्मारकाच्या भिंतीवर त्यांचं १९४० चं एक वाक्य कोरलेलं आहे: वंश-पार्श्वभूमी काहीही असो, आपल्या सगळ्या नागरिकांचे हक्क डोळ्यांत तेल घालून जपले पाहिजेत. ते वाचताना पोटात तुटतं. कॅपिटॉल या संसदभवनाच्या जवळ जपानी-अमेरिकनांचं वेगळं लहानसं स्मारक आहे. काटेरी तारेत अडकलेले दोन करकोचे, आणि दगडात दहाही छावण्यांची नावं आणि कुठे किती माणसं डांबली त्याचे आकडे. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या ओळखीच्या लोकांना मी दोन्ही स्मारकं बघायला सांगते. एका दिवसात दोन्ही होतात.